क्षेत्रव्यापी मंत्रांचे नियम कसे लावावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रांची भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायचा खेळ खेळताना एकाच शत्रूवर टाकलेल्या मंत्रावरून सहसा वाद होत नाहीत. वाद होतात ते फायरबॉल, लाइटनिंग बोल्ट, मूनबीम यांसारख्या जागाच व्यापणाऱ्या मंत्रांवरून, कारण तेथे कोण सापडला आणि कोण सुटला हे नकाशा, नियमाची भाषा आणि डीएमचा (डंजन मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा) निर्णय या तिन्हींवर अवलंबून असते. टेबलावर पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

ही उत्तरे कोणत्या आवृत्तीला लागू आहेत?

मुख्यतः पाचव्या आवृत्तीला, म्हणजे २०१४ साली आलेल्या नियमांना. २०२४ साली याच आवृत्तीचे सुधारित नियम प्रसिद्ध झाले आणि क्षेत्रव्यापी मंत्रांच्या बाबतीत त्यांत काही महत्त्वाचे बदल आहेत. जेथे उत्तर बदलते तेथे वर्षाचा उल्लेख केला आहे. एकाच टेबलावर कोणाकडे जुने पुस्तक आणि कोणाकडे नवे असेल, तर खेळ सुरू होण्यापूर्वी कोणते मानायचे हे ठरवून घ्यावे. निम्मे वाद तेवढ्यानेच मिटतात.

वाद निर्माण झाला की सर्वांत आधी काय तपासावे?

उगमबिंदू. प्रत्येक क्षेत्रव्यापी मंत्राला एक उगमबिंदू असतो आणि मंत्राची शक्ती तेथूनच पसरते. शंकूच्या किंवा रेषेच्या आकाराच्या मंत्रात हा बिंदू मंत्र टाकणाऱ्यापाशी असतो, पण फायरबॉलमध्ये तो १५० फुटांपर्यंत कोठेही असू शकतो. तरीही बहुतेक खेळाडू जादूगाराच्या डोळ्यांनी रणांगण पाहतात आणि "तो मला दिसत नव्हता, मग त्याला आग कशी लागली" किंवा "तो माझ्या समोर होता, मग वाचला कसा" असे विचारतात. उगमबिंदू एकदा नकाशावर बोट ठेवून निश्चित केला की पुढचे प्रश्न क्रमाने येतात: तेथून कोठपर्यंत अडथळ्याविना पोहोचता येते, त्या जागेत कोण आहे, आणि परिणाम कोणत्या क्षणी लागू होतो. या क्रमात उलटसुलट झाली की गोंधळ उडतो.

आकार किती आहेत आणि उगमबिंदू स्वतः क्षेत्रात मोडतो का?

२०१४ च्या नियमांत पाच आकार आहेत: शंकू, घन, वृत्तचिती, रेषा आणि गोल. शालेय भूमितीत शिकलेल्या याच आकृत्या आहेत, फक्त येथील शंकूचे माप वेगळ्या रीतीने ठरते. उगमबिंदूपासून जितके अंतर, तितकीच त्या ठिकाणी शंकूची रुंदी. म्हणजे बर्निंग हँड्सचा १५ फुटी शंकू टोकाला १५ फूट रुंद असतो आणि त्याचा कोन सुमारे ५३ अंश भरतो. मनात येतो त्या नव्वद अंशांच्या पंख्यापेक्षा हा शंकू बराच अरुंद आहे.

गोल आणि वृत्तचिती यांत उगमबिंदू क्षेत्रातच धरला जातो. शंकू, घन आणि रेषा यांत तो वगळलेला असतो. मंत्र टाकणाऱ्याने मुद्दाम ठरवले तरच तो आत येतो. म्हणूनच बर्निंग हँड्स टाकणारा स्वतः भाजत नाही, पण पंधरा फुटांवर फायरबॉल फोडणारा भाजतो. मंत्र आपला आहे म्हणून आपल्याला सूट, असा नियम कोठेही नाही.

२०२४ मध्ये सहावा आकार आला: इमॅनेशन. हे क्षेत्र एखाद्या जीवापासून किंवा वस्तूपासून चहूबाजूंना पसरते आणि सहसा त्याच्याबरोबर सरकते. ज्याच्यापासून ते निघते तो स्वतः त्यात धरला जात नाही, मंत्र टाकणाऱ्याने तसे ठरवले तरच धरला जातो.

थंडरवेव्ह टाकल्यावर घन माझ्याभोवती पसरतो की माझ्यासमोर?

समोर. घनाचा उगमबिंदू त्याच्या एखाद्या पृष्ठावर असतो, मध्यभागी नव्हे. थंडरवेव्हचा १५ फुटी घन टाकणाऱ्यापासून निघतो, म्हणून तो घनाच्या कडेला उभा असतो आणि तीन गुणिले तीन चौकटी त्याच्या एका बाजूला येतात. चारही बाजूंनी वेढले गेल्यावर हा मंत्र सगळ्यांना एकदम मागे ढकलेल, ही अपेक्षा या नियमात बसत नाही.

शत्रू भिंतीमागे किंवा खांबामागे आहे. त्याच्यावर परिणाम होतो का?

सर्वसाधारण नियम असा की मंत्राचा परिणाम उगमबिंदूपासून सरळ रेषांनी पसरतो. उगमबिंदूपासून एखाद्या जागेपर्यंत एकही रेषा अडथळ्याविना पोहोचत नसेल, तर ती जागा अंतराने कितीही जवळ असली तरी क्षेत्रात मोडत नाही. अडथळा मात्र पूर्ण आडोसा देणारा हवा. कमरेइतकी भिंत किंवा उलटे केलेले टेबल पुरत नाही. उगमबिंदूवर उघडा बल्ब टांगला आहे असे मानावे: ज्या कोपऱ्यात त्याचा उजेड थेट पडतो तो कोपरा क्षेत्रात, आणि जेथे गडद सावली आहे तो बाहेर.

याचा एक परिणाम खेळाडूंच्या लक्षात उशिरा येतो. जादूगाराच्या बाजूने पाहता खांबामागे पूर्ण लपलेला तिरंदाज उगमबिंदू खांबाच्या पलीकडे ठेवला की उघडा पडतो. आडोसा जादूगारापासून मोजायचा नसतो, स्फोटापासून मोजायचा असतो. उलट, जादूगाराला स्पष्ट दिसणारा शत्रू उगमबिंदूच्या दृष्टीने एखाद्या दगडी कठड्याआड असू शकतो आणि पूर्ण वाचू शकतो.

मग फायरबॉल कोपऱ्यावरून वळतो, असे सगळे का म्हणतात?

कारण २०१४ च्या पुस्तकात त्या मंत्राच्या वर्णनातच तसे लिहिलेले आहे. सर्वसाधारण नियम सरळ रेषेचा, पण विशिष्ट मंत्राचा मजकूर त्याच्याविरुद्ध काही सांगत असेल तर मंत्राचा मजकूर वरचढ ठरतो. फॉग क्लाउड आणि डार्कनेस यांच्या वर्णनातही कोपऱ्यावरून पसरण्याचा उल्लेख आहे. लाइटनिंग बोल्टमध्ये किंवा कोन ऑफ कोल्डमध्ये तो नाही, म्हणून त्यांना सरळ रेषेचाच नियम लागतो.

२०२४ च्या फायरबॉलमधून मात्र हे वाक्य काढून टाकले आहे. आता त्यातही सरळ रेषाच मोजावी लागते, आणि कोपऱ्यामागे दबा धरून बसलेल्याला खरा फायदा मिळतो. गेली दहा वर्षे खेळलेल्यांच्या हाताला जुनी सवय असते, त्यामुळे नव्या नियमांनी खेळताना या एका मंत्राचा मजकूर मोठ्याने वाचून घेणे बरे.

कोपऱ्यावरून वळल्यानंतर आग किती दूर जाते, हे २०१४ चे पुस्तक सांगत नाही. येथे २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा आधार घेता येतो. त्या आवृत्तीत क्षेत्रांचे वेगवेगळे प्रकार होते आणि फायरबॉल 'स्प्रेड' या प्रकारात मोडत असे. अशा मंत्राचे अंतर भिंतीतून आरपार न मोजता भिंतीला वळसा घालून मोजायचे, असा स्पष्ट नियम होता. आजही तोच मानणे मला सर्वांत न्याय्य वाटते: उगमबिंदूपासून कोपऱ्यापर्यंत १२ फूट झाले असतील, तर कोपऱ्यापलीकडे आगीला ८ फूटच उरतात.

लहान खोलीत फोडलेला फायरबॉल दाराबाहेर लांबवर पसरतो का?

पाचव्या आवृत्तीत नाही. क्षेत्र २० फूट त्रिज्येचे. भिंतींनी अडवलेला भाग वाया जातो, तो दुसरीकडे भरून निघत नाही.

ही समजूत मुळात चुकीची नव्हती, ती केवळ जुनी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत फायरबॉल एक ठरावीक घनफळ व्यापत असे, सुमारे ३३,००० घनफूट, आणि ते घनफळ मिळेल त्या जागेचा आकार घेत असे. २० फूट त्रिज्येच्या गोलाचे घनफळ साधारण तेवढेच येते. आता दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोगद्यात ते भरले तर लांबी ३३० फूट होते, म्हणजे स्फोटाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे १६५ फूट. जादूगाराने शत्रूवर टाकलेली आग बोगद्यातून परत येऊन स्वतःच्याच टोळीला गिळत असे, अशा गोष्टी जुने खेळाडू सांगतात, त्यामागे हे गणित आहे. लाइटनिंग बोल्टही तेव्हा भिंतीवर आपटून उलट फिरत असे.

या मंत्रांचे मूळ आणखी मागे, १९७१ सालच्या 'चेनमेल' या लघुमूर्तींच्या युद्धखेळाच्या नियमांत आहे. त्यात जादूगाराचा फायरबॉल मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याइतकी जागा व्यापत असे आणि विजेचा लोळ जड तोफेच्या माऱ्यासारखा मोजत असत. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला, तोपर्यंत जागेवर मारा करण्याची ही रणगणिती सवय मंत्रांत मुरलेली होती. आजही फूटपट्टी काढावी लागते, ती त्यामुळेच.

न दिसणाऱ्या जागी किंवा काचेच्या खिडकीपलीकडे उगमबिंदू ठेवता येतो का?

फायरबॉलचा मजकूर पल्ल्यातील एखादा बिंदू निवडायला सांगतो. तो दिसलाच पाहिजे असे म्हणत नाही. त्यामुळे अंधारात किंवा धुक्यात अंदाजाने मंत्र टाकता येतो. कॉल लाइटनिंगसारखे मंत्र मात्र दिसणारा बिंदू मागतात. तेथे अंदाज चालत नाही. न दिसणाऱ्या जागी मंत्र टाकला आणि मध्ये भिंत निघाली, तर उगमबिंदू भिंतीच्या अलीकडच्या बाजूला तयार होतो. अंधाऱ्या दालनात भिंत कोठे आहे हे माहीत नसताना फायरबॉल टाकणे म्हणूनच धोक्याचे असते.

काचेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अलीकडे फुटण्याचा नियम न दिसणाऱ्या बिंदूसाठी लिहिलेला आहे आणि काचेपलीकडचा बिंदू तर दिसतो. पण दुसरा नियम सांगतो की लक्ष्यापर्यंत मार्ग मोकळा हवा, आणि पारदर्शक असली तरी बंद काच पूर्ण आडोसाच आहे. फायरबॉलच्या वर्णनात जादूगारापासून निवडलेल्या बिंदूपर्यंत एक तेजस्वी रेघ जाते, हेही विसरू नये. दोन्ही धरून पाहता स्फोट काचेच्या अलीकडे होतो असा निर्णय द्यावा, आणि खेळाडूचे पात्र अनुभवी जादूगार असेल तर तसे घडेल याची सूचना त्याला आधी द्यावी. ज्याने आयुष्य मंत्र शिकण्यात घालवले त्या पात्राला एवढे माहीत असणारच.

अर्धवट आडोशाचा फायदा मिळतो का?

मिळतो, पण फक्त डेक्स्टेरिटी सेव्हला (चपळाईने मंत्रातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला). अर्ध्या आडोशाने २ आणि पाऊण आडोशाने ५ अधिक मिळतात, आणि आडोसा उगमबिंदूपासून मोजायचा असतो. चौकटींच्या नकाशावर उगमबिंदूपासून त्या जीवाच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांकडे रेषा ओढून पाहावे: एक किंवा दोन अडल्या तर अर्धा, तीन किंवा चार अडल्या पण मारा तरीही पोहोचत असेल तर पाऊण.

कोन ऑफ कोल्ड, थंडरवेव्ह आणि शॅटर यांना कॉन्स्टिट्यूशन (शरीराच्या काटकपणाचा) सेव्ह लागतो, म्हणून पिंपाआड बसून तेथे काहीच मिळत नाही. मध्ये उभा असलेला दुसरा जीवही अर्धा आडोसा देतो. त्यामुळे नियमाच्या अक्षराप्रमाणे पाहिले तर लाइटनिंग बोल्टच्या रेषेत एकामागे एक उभ्या असलेल्या शत्रूंपैकी मागच्यांना २ अधिक मिळायला हवेत. बहुतेक टेबले हे सोडून देतात. सोडायचे तर दोन्ही पक्षांसाठी सोडावे.

आडवे पडलेल्या पात्राला डेक्स्टेरिटी सेव्हमध्ये फायदाही नाही आणि तोटाही नाही. जखडलेल्या पात्राला तोटा होतो, तर आपल्या पाळीत 'डॉज' (मारा चुकवण्याची कृती) निवडलेल्याला फायदा मिळतो.

चौकटींच्या नकाशावर वर्तुळात नेमक्या किती चौकटी येतात?

कोणती पद्धत वापरता त्यावर अवलंबून आहे आणि फरक मोठा आहे. एक चौकट पाच फुटांची. उगमबिंदू चौकटींच्या छेदबिंदूवर, म्हणजे चार चौकटी मिळतात त्या कोपऱ्यावर ठेवायचा. २० फूट त्रिज्या म्हणजे चार चौकटी.

डंजन मास्टर्स गाइडमधील २०१४ ची पद्धत सांगते की वर्तुळाने निम्मी किंवा अधिक व्यापलेली चौकट आत धरावी. या हिशेबाने फायरबॉलमध्ये ५२ चौकटी येतात. वर्तुळाचे खरे क्षेत्रफळ सुमारे ५० चौकटींइतके असल्याने ही पद्धत सत्याच्या सर्वांत जवळ आहे. दुसरी पद्धत साच्याची: कागदातून किंवा तारेतून आकार कापून नकाशावर ठेवायचा आणि साच्याखाली जिचा थोडाही भाग येईल ती चौकट धरायची. तेव्हा ६० चौकटी होतात. तिसरी, तिरकी चौकटही पाचच फुटांची मोजणाऱ्या टेबलांची पद्धत. तिच्यात वर्तुळाचे सरळ आठ गुणिले आठ असे चौरसात रूपांतर होते आणि ६४ चौकटी सापडतात. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत सगळी क्षेत्रे अशीच चौरस होती.

५२ आणि ६४ यांतला फरक हा कोपऱ्यातल्या तीन-तीन चौकटींचा आहे, आणि नेमके तेथेच कोणाचा तरी क्लेरिक (पुजारी-पात्र) उभा असतो. माझे मत पहिल्या पद्धतीच्या बाजूने आहे, पण मोहिमेच्या मध्यावर पद्धत बदलणे हे चुकीची पद्धत वापरण्यापेक्षा वाईट. ऑनलाइन खेळणाऱ्यांनी आपला व्हर्च्युअल टेबलटॉप कोणत्या पद्धतीने चौकटी रंगवतो हे एकदा मोजून पाहावे. सॉफ्टवेअरने रंगवले म्हणजे तो नियम झाला असे नव्हे.

शंकूसाठी सोपी रीत अशी: पहिल्या ओळीत एक चौकट, दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत तीन. बर्निंग हँड्सला एकूण सहा.

आमच्याकडे मिनिएचर (पात्रांच्या लघुमूर्ती) नाहीत. घरातल्या वस्तूंनी चालते का?

चालते, पण चौकटीत मावणारी वस्तू घ्यावी. एक इंचाच्या चौकटीत रुपयाचे नाणे बसते. कॅरमची सोंगटी बसत नाही. तिचा व्यास तीन सेंटिमीटरहून अधिक असतो आणि चौकट अडीच सेंटिमीटरची, त्यामुळे प्रत्येक सोंगटी शेजारच्या चौकटीत घुसते आणि मग "माझा माणूस रेषेबाहेर होता" हे सुरू होते. सोंगट्याच वापरायच्या असतील तर आलेखकागद न वापरता दीड इंचाच्या चौकटी आखाव्यात.

साचेही घरी होतात. फायरबॉलला आठ इंच व्यासाचे तारेचे कडे लागते. मूनबीमची त्रिज्या पाच फूट, म्हणजे कडे दोन इंचांचे. 'दोन-चार' मापाची बांगडी सव्वादोन इंचांची असते आणि ती ठेवून चौकटी निःसंदिग्ध कळतात.

नकाशा न मांडता, केवळ वर्णनावर खेळत असलो तर?

त्यासाठी डंजन मास्टर्स गाइडमध्ये एक उपयुक्त तक्ता आहे. शंकूची लांबी दहाने भागावी, घनाची बाजू किंवा गोलाची त्रिज्या पाचाने, रेषेची लांबी तीसने; उत्तर अपूर्णांकात आल्यास वरचा पूर्णांक घ्यावा. तितके जीव सापडले असे मानायचे. बर्निंग हँड्समध्ये दोन, फायरबॉलमध्ये चार, लाइटनिंग बोल्टमध्येही चार. गर्दी दाटीवाटीची असेल तर डीएमने आकडा वाढवावा, विखुरलेली असेल तर कमी करावा. खेळाडूला आणखी एक शत्रू हवा असेल तर "मिळेल, पण तुमचा चोरही आत येईल" असा सौदा करता येतो. नकाशावर हा पर्याय उपलब्धच नसतो, म्हणून या पद्धतीला कमी लेखू नये.

गोल हवेत फोडला तर जमिनीवरील क्षेत्र कमी होते का?

होते, आणि साथीदारांना वाचवण्यासाठी ही युक्ती पूर्णपणे नियमात बसते. उगमबिंदू पल्ल्यातील कोणताही बिंदू असू शकतो. तो जमिनीवर असावा असे बंधन नाही. १२, १६, २० हे पायथागोरसचे त्रिकूट येथे कामी येते: २० फूट त्रिज्येच्या गोलाचे केंद्र १२ फूट उंच ठेवले की जमिनीवरच्या वर्तुळाची त्रिज्या १६ फूट राहते.

पण उभा माणूस म्हणजे केवळ त्याचे तळपाय नव्हेत. सहा फुटांच्या पात्राचे डोके केंद्रापासून उंचीने सहाच फूट खाली राहते, आणि त्या पातळीवर गोलाची त्रिज्या १९ फुटांहून थोडी अधिक भरते. म्हणजे केंद्राच्या उभ्या रेषेपासून १७ फुटांवर उभ्या असलेल्या साथीदाराचे पाय बाहेर आणि डोके आत. शरीराचा कोणताही भाग आत आला तर जीव आत, असे मानणे सरळ आहे. तसे मानले की ही युक्ती उभ्या साथीदारापेक्षा आडव्या पडलेल्याला अधिक वाचवते. जे टेबल केवळ चौकटी मोजते, तेथे उंचीचा हिशेब एकतर पूर्ण करावा किंवा अजिबात करू नये.

साथीदार आत असतानाही मंत्र टाकायचा असेल तर त्यांना कसे वाचवावे?

इव्होकेशन शाखेच्या जादूगाराला 'स्कल्प्ट स्पेल्स' मिळते: त्या शाखेच्या मंत्रात त्याला दिसणाऱ्या, मंत्राची पातळी अधिक एक इतक्या जीवांचा सेव्ह आपोआप यशस्वी होतो आणि जेथे अर्धे डॅमेज (इजा) झाले असते तेथे शून्य होते. तिसऱ्या पातळीच्या फायरबॉलमध्ये असे चार साथीदार वाचतात. 'दिसणाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. अदृश्य झालेला साथीदार या यादीत येऊ शकत नाही, आणि फायरबॉलला मात्र तो अदृश्य असल्याचे काही सोयरसुतक नसते.

सॉर्सररचे (उपजत जादू असलेल्या पात्राचे) 'केअरफुल स्पेल' २०१४ मध्ये दुबळे आहे: सेव्ह यशस्वी होतो, पण अर्धे डॅमेज बसतेच. २०२४ मध्ये ते शून्य केले आहे. सातव्या पातळीपासून चोर आणि मंक यांना मिळणारे 'इव्हेजन' (मारा चुकवण्याचे कौशल्य) फक्त डेक्स्टेरिटी सेव्हला चालते.

बेशुद्ध पडलेला साथीदार फायरबॉलमध्ये सापडला तर?

बेशुद्ध जीव डेक्स्टेरिटी सेव्हमध्ये आपोआप अपयशी ठरतो. शून्य हिट पॉइंटवर (प्राणशक्ती संपलेल्या स्थितीत) असलेल्या पात्राला कोणतेही डॅमेज झाले की मृत्यूच्या सेव्हमधील (मरायचे की वाचायचे हे ठरवणाऱ्या फाशांतील) एक अपयश नोंदवायचे, आणि ते डॅमेज त्याच्या कमाल हिट पॉइंटांइतके किंवा अधिक असेल तर पात्र तेथेच मरते. फायरबॉलचे डॅमेज ८डी६, म्हणजे सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज, आणि तिची सरासरी २८ आहे. कमी पातळीच्या जादूगाराचे कमाल हिट पॉइंट त्याहून कमी असणे अगदी सामान्य आहे, तेव्हा "तो पडलेलाच आहे, त्याला आणखी काय होणार" असे म्हणून मंत्र टाकू नये.

डॅमेज प्रत्येकासाठी वेगळे टाकायचे का?

नाही. एकाच वेळी अनेकांना लागणारे डॅमेज एकदाच टाकायचे. सेव्ह प्रत्येकाने आपापला टाकायचा. सेव्हमुळे अर्धे आणि त्यावर रेझिस्टन्समुळे (त्या प्रकारच्या इजेला असलेल्या प्रतिकारामुळे) पुन्हा अर्धे होऊ शकते, प्रत्येक वेळी अपूर्णांक सोडून द्यायचा.

दारे, पेट्या, दोरखंड यांचे काय होते?

मजकुरात 'जीव' असेल तर फक्त जीव. फायरबॉल कोणी घातलेल्या किंवा हातात धरलेल्या वस्तू सोडून इतर ज्वलनशील वस्तूंना पेटवतो, पण दाराला ८डी६ डॅमेज करत नाही. शॅटर मात्र अशा सुट्या, बिनजादूच्या वस्तूंनाही डॅमेज करतो. खजिन्याच्या खोलीत कोणता मंत्र टाकायचा हे त्यावरून ठरवावे.

मूनबीम किंवा स्पिरिट गार्डियन्स शत्रूवर आणले, तर लगेच डॅमेज होते का?

२०१४ च्या नियमांत होत नाही, आणि याबाबत सर्वाधिक टेबले चुकतात. या मंत्रांचा मजकूर दोनच क्षण सांगतो: जीव एखाद्या पाळीत पहिल्यांदा क्षेत्रात शिरतो तो क्षण, किंवा तो आपली पाळी क्षेत्रात सुरू करतो तो क्षण. क्षेत्र त्याच्यावर आणून ठेवणे म्हणजे त्याने शिरणे नव्हे. खेळाची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिच्या 'सेज अ‍ॅडव्हाइस'मध्ये मूनबीमविषयी हाच खुलासा आहे: मंत्र टाकताना नाही, आणि किरण सरकवतानाही नाही.

शिरणे स्वेच्छेने असण्याची गरज मात्र नाही. थंडरवेव्हने शत्रूला मूनबीममध्ये ढकलले तर तो शिरलाच. शिवाय मर्यादा पाळीची आहे, फेरीची (सर्वांच्या एकेक पाळीची) नाही. शत्रूने आपली पाळी किरणात सुरू केली, एकदा भाजला, बाहेर पळाला, आणि नंतर तुमच्या साथीदाराने स्वतःच्या पाळीत त्याला परत आत ढकलले, तर तो पुन्हा भाजतो. एकाच पाळीत आतबाहेर ओढून दोनदा भाजता येत नाही.

२०२४ मध्ये हे बदलले. मूनबीम प्रकट होतानाच डॅमेज करतो. क्षेत्र सरकून अंगावर आले तरी, जीव स्वतः शिरला तरी, आणि पाळी तेथे संपवली तरी परिणाम होतो, पण एका पाळीत एकदाच. स्पिरिट गार्डियन्सही आता इमॅनेशन आहे: क्लेरिक चालत शत्रूंच्या रांगेतून गेला की वाटेतले सगळे लगेच सेव्ह टाकतात. पाळीच्या सुरुवातीऐवजी शेवट हा बदलही लहान नाही, कारण शत्रूला आता पळून जाण्याची एक संधी मिळते.

दोन क्षेत्रे एकमेकांवर आली तर दुप्पट परिणाम होतो का?

तात्काळ संपणारे दोन मंत्र, उदाहरणार्थ दोन जादूगारांचे दोन फायरबॉल, स्वतंत्रच लागतात. टिकून राहणाऱ्या एकाच नावाच्या मंत्रांचे परिणाम मात्र एकत्र होत नाहीत. दोन क्लेरिकांचे स्पिरिट गार्डियन्स एका शत्रूवर आले तर त्यांतले अधिक प्रबळ तेवढे धरायचे. मीटिअर स्वॉर्ममध्ये ४० फूट त्रिज्येचे चार गोल पडतात, पण एकाहून अधिक गोलांत सापडलेल्याला परिणाम एकदाच होतो असे त्याच्या मजकुरातच आहे.

नियम अपुरा पडला तर डीएमने निर्णय कधी सांगावा?

फासे पडण्यापूर्वी. खेळाडूने "मी येथे फायरबॉल टाकतो" म्हणताच डीएमने उगमबिंदू, सापडणारे जीव आणि मिळणारा आडोसा मोठ्याने सांगावा, आणि जे पात्राला स्वाभाविकपणे कळले असते ते ऐकून खेळाडूला मंत्र बदलण्याची मुभा द्यावी. अदृश्य शत्रू किंवा लपलेला सापळा अर्थातच सांगू नये. फासे पडल्यानंतर आकडा पाहून चौकटी मोजायला घेतल्या, तर निर्णय बरोबर असला तरी टेबलावरच्या कोणाला तो निःपक्षपाती वाटत नाही. खेळ थांबवून पुस्तक चाळण्यापेक्षा त्या दिवसापुरता निर्णय देऊन वहीत नोंदवावा आणि पुढच्या सत्राच्या आरंभी मूळ मजकूर वाचून तो कायम करावा किंवा बदलावा. बदललाच, तर आधीच्या लढाईचा निकाल उकरून काढू नये.